शामरावभाऊंचे एकोणसत्तर कागद

मी एकोणसत्तर माणसांचे अंगठे पुसले. नऊ दिवसांत, पंख्याखाली बसून, मधेमधे चहा पीत. पुसताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता, हेही आधीच सांगून टाकते. नंतर सांगायला जड जाईल.

माझ्या मूर्खपणांची यादी करायची तर नातीची दोनशेपानी वही पुरणार नाही. बहुतेकांवर मी आता दात काढून हसते, जेवढे उरलेत तेवढे काढून. या एकावर मात्र हसू अर्ध्यात अडकतं. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे तरुणच. घाटंजीच्या एका शाळेत चौतीस वर्षं लिपिक म्हणून काढलेली, निवृत्तीनंतर कम्प्युटरच्या क्लासला जाऊन चित्रं साफ करायचं सॉफ्टवेअर शिकून आलेली, आणि ज्याला-त्याला ते सांगत सुटलेली. बाजारात भाजी घ्यायला गेले तरी विषय कसाबसा वळवून स्कॅनरवर आणायची. भाजीवाली म्हणायची, हाव बाई, मेथी किती देऊ?

ती चित्रं शामरावभाऊंची. शामरावभाऊ म्हणजे आमचे पोस्टमन, राहायला आमच्याच गल्लीच्या टोकाला. आता ते नाहीत.

माणूस उंच, कोरडा, खांद्यात थोडा वाकलेला. सायकलवर बसले की सायकल लहान दिसायची. खांद्याला टपालाची पिशवी आणि उजव्या कानावर पेन्सिल. पेन्सिल कधी अख्खी पाहिली नाही. नखाएवढी उरली की ती जुन्या बॉलपेनच्या नळीत खोचायचे आणि पुढचे दोन महिने तिच्यावर काढायचे. आसपासची खेडी, बंजाऱ्यांचे तांडे आणि कोलामांचे पोड, म्हणजे त्यांच्या वस्त्या, असा त्यांचा फेरा. परतताना संध्याकाळी माझ्या दारावरून जात. मी नमस्कार म्हणायची, ते 'जयभीम, बाई' म्हणायचे. इतक्या वर्षांत मी एकदाही उलट तसं म्हटलं नव्हतं. जिभेला काय काटे आले होते कोणास ठाऊक.

शामरावभाऊ कोणाच्या घरी पाणी मागत नसत. सायकलच्या हँडलला ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली लटकलेली असायची. का मागत नाहीत हे गावाला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि कोणी बोलत नव्हतं. ते पाणी मागायचे फक्त एका वेळी. तार वाईट असली, पत्रात नको ते असलं, की दारात सायकल टेकवून म्हणायचे, 'थोडं पाणी द्या.' घरातलं माणूस आत जायचं, माठात ग्लास बुडवायचं आणि तेवढ्यात त्याला कळायचं. बाहेर येईपर्यंत ते निम्मं तयार झालेलं असायचं. शामरावभाऊ सगळं पाणी सावकाश पिऊन घेत आणि मग पत्र वाचून दाखवत. माझ्या दारात त्यांनी तोवर एकदाच पाणी मागितलं होतं. माझ्या भावाचं होतं.

चित्र काढायला ते कुठे शिकले, कोणी शिकवलं, विचारलं तर हसायचे. पोस्टातल्या दुपारी लांब असतात, एवढंच सांगायचे. त्यांची पद्धत मात्र जगावेगळी. समोरच्याला बसवायचं नाही. 'बसू नका, काम करा,' म्हणायचे. बाई भाकरी थापत असेल तर थापू द्यायची, म्हातारा दोरी वळत असेल तर वळू द्यायची. टपाल देऊन झालं की पाच मिनिटं उभ्याउभ्या, पिशवीवर कागद ठेवून, तेवढंच काढायचं. सोमवारी कान, गुरुवारी नाकाची एक बाजू, पुढच्या आठवड्यात पदराची घडी. एकेक चित्र तीन-तीन, चार-चार महिने चालायचं. एका म्हाताऱ्याचा पुढचा दात मधेच पडला. तो म्हणाला, आता खोडा तो दात. शामरावभाऊंनी खोडला नाही. म्हणाले, सुरुवात केली तवा होता, त्याचाबी हक्क आहे.

कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू. जाड, थोड्या पिवळ्या, कुठे चहाचं वर्तुळ, कुठे घडी. चित्रातल्या माणसाच्या मागे नेहमी काहीतरी असायचं, पण इतक्या हलक्या हातानं काढलेलं की तिरपा कागद धरल्याशिवाय दिसू नये. चुलीचा धूर, बाजेचा पाय, दोरीवरचं लुगडं.

आणि चित्र पुरं झालं की अंगठा.

एका चिठोऱ्यावर पेन्सिल घासघासून काळं करायचे. त्यावर माणसानं अंगठा टेकवायचा आणि मग चित्राच्या उजव्या कोपऱ्यात उठवायचा. शिकलेला असो की नसो, सही चालायची नाही. सही शिकवल्यानं येते, अंगठा आपला आपल्यालेच येते, असं त्यांचं म्हणणं. मनिऑर्डरच्या फॉर्मवर हजारो अंगठे घेतलेले त्यांनी; अंगठा उठला म्हणजे टपाल पोचलं, हे त्यांच्या हाडात बसलेलं. चित्राचंही तसंच. समोरच्यानं पाहून 'हा मीच' असं कबूल केलं, तर अंगठा. कबूल नसेल तर अंगठा नाही, आणि अंगठा नाही म्हणजे चित्र पोचलं नाही. मग ते कागद परत पिशवीत घालून नेत. अंगठा मिळाला की कागद त्याच घरी ठेवून येत. स्वतःजवळ एकही ठेवत नसत.

बाजारातल्या एका हॉटेलवाल्याचं चित्र दोन वर्षं पिशवीत फिरत होतं. हा गृहस्थ केस काळे करायचा आणि शामरावभाऊंनी मुळाशी बोटभर पांढरं दाखवलं होतं. तो म्हणे, हा मी नाहीच. शामरावभाऊ म्हणाले, बरं. दर काही महिन्यांनी कागद काढून दाखवायचे, तो मान हलवायचा, ते परत घालायचे. ना राग, ना आग्रह. एकदा तो मोठ्या दुखण्यातून उठला, केस तसेच राहू दिले, आणि स्वतःच शामरावभाऊंना हाक मारून म्हणाला, भाऊ, आणा तो कागद. अंगठा देताना म्हणे त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ही गोष्ट ते फार मिटक्या मारत सांगायचे. वर म्हणायचे, घाई टपालाले असते बाई, माणसाले नसते.

आणि सोनाबाई. तिच्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

सोनाबाई तांड्यावरची. कपाळावर गोंदण, दंडापर्यंत बांगड्या, आणि बोलणं असं की कुत्रंही रस्ता बदलेल. तिचं चित्र चार महिन्यांत झालं. तिनं पाहिलं, हसली, लेकीला हाक मारून दाखवलं. शामरावभाऊंनी काळं केलेलं चिठोरं पुढे केलं, तशी ती झटकन उठून आत गेली. तिनं आयुष्यात दोनदा अंगठा दिला होता. एकदा दिला तर वावर गेलं. एकदा दिला तर घरातली बैलजोडी गेली. अंगठा दिला की काहीतरी जातं, एवढंच तिला त्यातलं कळलेलं. शामरावभाऊंनी समजावलं नाही. पुढच्या फेरीला गेले, टपाल दिलं, आले. त्याच्या पुढच्या फेरीला गेले. असं सहा आठवडे. सातव्या आठवड्यात तिनं स्वतःच विचारलं, या कागदानं माझं काय जाईल? ते म्हणाले, या कागदानं तुझं काही जाणार नाही, माय, हा माझा शब्द. तिनं लेकीचा हात धरून, डोळे मिटून अंगठा उठवला. थरथरल्यामुळे तो थोडा फाकला, शेपटी फुटल्यासारखा. मग कित्येक दिवस ती कागद काढून बघायची, सगळं आहे ना घरात म्हणून. काहीच गेलं नाही. पुढे तो कागद तिच्या उशाखाली असायचा.

आता माझ्याकडे येते. टाळून झालं तेवढं पुष्कळ झालं.

शामरावभाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा गावातल्या वाचनालयाच्या मंडळींनी ठरवलं की या चित्रांचं एक पुस्तक करायचं. शामरावभाऊ घरोघर फिरून कागद मागून घेऊन आले. परत देईन असा शब्द देऊन. एकोणसत्तर. स्कॅन करून साफ करायचं काम कोणाला द्यायचं हा प्रश्न मी कोणाला पडूच दिला नाही.

पहिलं भेंडोळं द्यायला ते आले त्या दुपारी मी नवा स्कॅनर जोडत बसले होते. ते खुर्चीच्या कडेवर बसून बराच वेळ बोलत होते. मी स्क्रीनकडे बघत 'हं, हं' करत होते. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मधे एकदा 'सोनाबाई' ऐकू आलं, एकदा 'अंगठा'. हे सगळं मला नंतर कळलं असं म्हणायची फार सोय होती. नाही म्हणत. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

क्लासच्या सरांनी शिकवलेलं मी वहीत उतरवून घेतलं होतं. कागद स्कॅन करायचा. रंग काढून करडा करायचा. मग लेव्हल्स उघडायच्या. तिथे तीन छोटे त्रिकोण असतात. उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे ओढत आणला की जे-जे फिकट आहे ते पांढरं होऊन नाहीसं होतं. कागदाचा पिवळेपणा गेला. मागच्या छापील तारखा पुढे उमटायच्या, त्या गेल्या; सोनाबाईच्या गालावर अंधूक सतरा तारीख होती, ती गेली. त्यांच्याबरोबर चुलीचा धूर गेला, बाजेचा पाय गेला, लुगडं दोरीसकट गेलं. मला वाटलं, कचरा गेला. चेहरे पांढऱ्याशुभ्र पानावर असे उठून दिसायला लागले की मी शेजारणीला बोलावून दाखवलं.

फक्त एक गोष्ट त्रिकोणाला दाद देईना. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक काळपट डाग राहायचा. तो गडद होता, पेन्सिलीच्या रेघांइतकाच. मग मी इरेजर घेतला आणि ते डाग एकेक करून हातानं काढले. चौतीस वर्षं दाखल्यांवर शाईचा थेंब सहन न केलेली बाई मी. माझ्या टेबलावर व्हाइटनरची बाटली देवासारखी असायची. एकोणसत्तर कोपरे मी असे लख्ख केले की तिथं काही होतं हे ब्रह्मदेवालाही कळू नये. प्रत्येक कागदावर, त्याच कोपऱ्यात, त्याच मापाचा डाग कसा काय, हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. एका डागाला शेपटी होती. त्याला थोडा जास्त वेळ लागला.

दुसरं भेंडोळं घेऊन शामरावभाऊ आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, चित्रं छान आहेत भाऊ, पण जरा हात धुवून काढत जा, कोपरे फार मळलेत.  त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं, उलटसुलट करून. म्हणाले, धुतलेलेच असतात, बाई. आणि उठून गेले. मला वाटलं, चेष्टा समजली. आता ते वाक्य आठवलं की मी स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवते.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: मूळ स्कॅन वेगळा ठेवा, साफ केलेला वेगळ्या नावानं सेव्ह करा. हे मला पटलं नाही. एका माणसाचे दोन दाखले? कच्चा कागद फाडून पक्का ठेवायचा, हे माझं आयुष्यभराचं शहाणपण. मी प्रत्येक चित्र मूळ स्कॅनवरच सेव्ह केलं आणि रिसायकल बिन रोज संध्याकाळी रिकामी केली, केर काढल्यासारखी.

तोवर शामरावभाऊंना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी यवतमाळला नेलं होतं. त्यामुळे छापायला जाण्याआधी पानं त्यांनी पाहिली नाहीत आणि कागद घरोघर परत द्यायचं काम मी अंगावर घेतलं. ऑटो करून गेले. प्रत्येक दारात भाषण दिलं. तांड्यावर सोनाबाई बाजेवर पडून होती, बोलणं कमी झालेलं. कागद मी तिच्या लेकीच्या, शांतीच्या हातात दिला आणि म्हटलं, आता याची काळजी नको, कागद राहिला काय नि गेला काय, कम्प्युटरमध्ये पक्कं बसलंय. शांती साधी बाई, कापूस वेचायला जाणारी. तिनं विचारलं, 'सारंच राह्यते का बाई? जसं हाय तसं?'

मी म्हटलं, 'जसंच्या तसं. उलट जास्त चांगलं.'

तीन आठवड्यांनी सोनाबाई गेली. कागद उशाखालीच होता. घरच्यांनी तो तिच्याबरोबर द्यायचा ठरवला. कोणीतरी म्हणालं, ठेवून घ्या, आठवण राहील. तेव्हा शांती म्हणाली, जाऊ द्या तिच्यासंगं, बाईनं मशीनमध्ये ठेवला आहे. हे मला शामरावभाऊंच्या सुनेनं सांगितलं आणि मी मनातल्या मनात खूश झाले. माझ्यावर एवढा विश्वास.

पुस्तकाचा कार्यक्रम वाचनालयाच्या हॉलमध्ये झाला. तांड्यावरून, पोडावरून, खेड्यांतून चित्रांतली माणसं आली होती, ठेवणीतले कपडे घालून. शामरावभाऊ पहिल्या रांगेत, डोळ्यांवर काळा चष्मा. मला शाल आणि नारळ दिला. मी बोलले. आता माझ्या नातीनं कुठून तरी त्या भाषणाचं रेकॉर्डिंग शोधून काढलं तर मी तिला मिळकतीतून काढून टाकीन. मी म्हणाले की या चित्रांचं बॅकग्राउंड काढणं हे फार किचकट काम होतं आणि कोपऱ्यातला एकेक डाग मी माझ्या या हातांनी पुसला आहे. हात वर करून दाखवले. टाळ्या पडल्या, पण मागच्या रांगांतून पडल्या नाहीत. मागच्या रांगांत लोक पुस्तक उघडून आपापल्या पानाच्या कोपऱ्यावर बोट फिरवत होते. पान उलटून मागे बघत होते. एकानं पान उजेडासमोर धरलं.

मी खाली उतरले तेव्हा शांती समोर आली. पुस्तक उघडं, आईचं पान वर.

'बाई, माह्या याडीचा अंगठा कोठी हाय?'

याडी म्हणजे आई, एवढं मला येत होतं. बाकीचं कळायला दोन-चार श्वास लागले. मग ती दुपार आठवली, स्कॅनरची वायर आठवली, 'हं, हं' आठवलं. शाल अंगावर होती आणि मला थंडी वाजली.

शामरावभाऊ उठून जवळ आले. शांतीच्या हातातून पुस्तक घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांशी नेलं. मग अंगठ्यानं तो कोपरा चाचपला, हळूहळू, जसा माणूस अंधारात कडी शोधतो.  मला बोलू दिलं असतं तर मी काहीतरी सबब सांगितली असती. माझ्याजवळ सबबी तयारच असतात. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. खिशातून चिठोरं काढलं, कानावरची पेन्सिल काढली, घासून काळं केलं आणि शांतीपुढे धरलं. म्हणाले, तू दे, बाई, तिच्या जागी.

शांतीनं हात मागे घेतला. 'माहा अंगठा माह्या याडीचा थोडीच होते, भाऊ?' म्हणाली. तिनं पुस्तक मिटलं, पदराखाली घेतलं आणि ऑटोच्या दिशेनं गेली. शामरावभाऊ ते काळं चिठोरं धरून तसेच उभे. त्यांनी सोनाबाईला शब्द दिला होता की या कागदानं तुझं काही जाणार नाही. तो शब्द मी मोडला होता, त्यांच्या तोंडचा.

घरी येऊन मी पहाटेपर्यंत कम्प्युटर उपसला. सकाळी क्लासच्या सरांना बोलावलं. त्यांनी पुसलेल्या फायली शोधायचं काहीतरी लावलं, दिवसभर लावलं. सोनाबाईच्या फायलीचा एक तुकडा सापडला: वरची दोन बोटं कपाळ, गोंदणासकट, आणि खाली नुसती करडी पट्टी. बाकीच्या अडुसष्टांचे कागद निदान घरी होते. त्यांचे अंगठे पुस्तकात नसले तरी भिंतीवर होते. हिचा कुठेच नव्हता. नात तेव्हा नऊ वर्षांची. ती म्हणाली, आजी, मग अनडू का नाही केलंस? मी म्हटलं, बाळा, चूक झाली हेच मला माहीत नव्हतं, अनडू करून मागे काय घेणार?

चार दिवसांनी मी तांड्यावर गेले. सोनाबाईचा चेहरा मोठा करून, फ्रेम करून नेला होता. शांती वावरातून नुकतीच आलेली, पदरात अजून कापसाची बोंडं. तिनं मला खाट टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. फ्रेम घेतली, पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मी रडले असते तर बरं झालं असतं, पण तेही जमलं नाही. मी म्हटलं, माझं चुकलं. ती चुलीकडे बघत म्हणाली, 'तुमी म्हणलं होतं, जसंच्या तसं.' आवाज चढलेला नव्हता. चहात साखर व्यवस्थित होती. निघताना मी मागे पाहिलं तर ती फ्रेमच्या काचेवर, उजव्या कोपऱ्यात, बोट टेकवून उभी होती.

शामरावभाऊंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. माझ्या दारावरून मात्र ते जाईनासे झाले. पलीकडच्या बोळातून जायचे. मी संध्याकाळी ओट्यावर बसायची आणि सायकलचा आवाज दुसरीकडून जाताना ऐकायची. असा एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला.

फाल्गुनात एका दुपारी सायकल माझ्या दाराशी टेकवल्याचा आवाज आला. शामरावभाऊ उभे. मी नमस्कार म्हणायला तोंड उघडलं आणि 'जयभीम, भाऊ' असं निघालं. ते थोडे हसले. म्हणाले, थोडं पाणी द्या, बाई.

मी आत गेले. माठात ग्लास बुडवला आणि तिथेच उभी राहिले.

पाणी सगळं पिऊन त्यांनी सांगितलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला गुण आला नव्हता, दुसराही चालला होता. डॉक्टरांनी आता इलाज नाही म्हटलं. परवा मोठ्या मुलाकडे नागपूरला जायचं, कायमचं. मग पिशवीतून कॅलेंडरचा कागद काढला, मांडीवर फळी ठेवली, आणि म्हणाले, बसू नका, तुमचं काम करा. मी तांदूळ निवडायला घेतले. खडे दिसत नव्हते. ते कागद डोळ्यांशी नेऊन काढत होते, नाक जवळजवळ टेकलेलं. आठवडे-महिने लावणाऱ्या माणसानं त्या दिवशी एका बैठकीत काढलं. मधे चिंधी घेऊन खूप वेळ काहीतरी घासत होते.

मग मला दाखवलं. सगळा कागद काळा. कडेपासून कडेपर्यंत पेन्सिल घासून, चिंधीनं दाबून काळा केलेला, आणि मधे मी. चेहऱ्याला बाहेरची एकही रेघ नव्हती; भोवतीच्या काळ्यानंच मला धरून ठेवलं होतं. ते काळं काढलं तर माझ्यातलं काही उरणार नाही. शामरावभाऊ कोरड्या आवाजात म्हणाले, आता काढून दाखवा बॅकग्राउंड. आणि मग मी त्यांना खूप महिन्यांनी खुदुखुदु हसताना पाहिलं, खांदे हलवत. मला हसूही आलं आणि रडूही, एकदमच, तांदळाच्या ताटात.

चेहरा कसा होता? हुशार दिसायची धडपड करणारी एक बाई, मान किंचित वर, ऐकत नसलेली. ती मीच होते. तो कागद आजही माझ्या कपाटात आहे, पातळांच्या घडीखाली. स्कॅन केलेला नाही. नातीनं मागितला तरी देत नाही. कधीतरी काढते आणि उजव्या कोपऱ्याकडे पाहते.

त्या दुपारी त्यांनी चिठोरं काळं केलं आणि पुढे सरकवलं. मी मात्र चौतीस वर्षांच्या सवयीनं पेन शोधायला उठले होते. तेव्हा ते म्हणाले, 'सही नको, बाई. सही तुमाले येते हे साऱ्या गावाले माहीत आहे. अंगठा द्या. सोनाबाईनं भेतभेत दिलता, तसाच द्या.'